आधी आपला फोन

२०२० सालचा डिसेंबर. आमची पलटण तेव्हा पूर्वेकडच्या डोंगरांत, बऱ्यापैकी उंचीवर होती. ठिकाणाचं नाव लिहिता येत नाही आणि या गोष्टीला त्याची गरजही नाही. साडेचारला अंधार पडायचा आणि मग बुखारीभोवती बसून लांबच लांब रात्री. घरी फोन लावायचा तर रस्त्याच्या एका ठरावीक वळणावर जाऊन उभं राहायचं. तिथे रेंजच्या दोन काड्या मिळायच्या.

मी टूआयसी होतो, म्हणजे पलटणीतला दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी. एका संध्याकाळी एक हवालदार भेटायला आला. पंधरा वर्षं सर्व्हिस, सातारा जिल्ह्यातला. गस्तीची तुकडी डोळे मिटून सोपवावी असा माणूस. सावधान उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, इमर्जन्सी सुट्टी पाहिजे."

"काय झालं? घरी सगळे बरे आहेत ना?"

"बरे आहेत साहेब."

"मग?"

तो माझ्या मागच्या नकाशाकडे बघत राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "पोरानं नाक कापलं साहेब."

मुलगा सातवीत, बारा वर्षांचा. लॉकडाऊनमुळे शाळा बंद, वर्ग मोबाइलवर. आईनं सहज मोबाइल हातात घेतला आणि त्यात नको ते व्हिडिओ दिसले. तिनं घाबरून दिराला सांगितलं. चुलत्यानं पोराला पट्ट्यानं मारलं. पोरगं संध्याकाळी घरातून निघून गेलं, ते रात्री दहा वाजता गावाबाहेरच्या देवळात सापडलं. आता दोन दिवस जेवत नव्हतं, बोलत नव्हतं. हवालदाराला घरी जाऊन त्याला "सरळ करायचं" होतं.

सुट्टी मी मंजूर केली. एक अट घातली, की पोराला हात लावायचा नाही, आधी त्याचं ऐकायचं. तो "जी साहेब" म्हणाला, वळला, पुन्हा थांबला. "साहेब, पण बोलायचं काय? तुम्ही तुमच्या मुलाशी काय बोलला होता?"

माझा मुलगाही तेव्हा बारा वर्षांचाच होता. मी त्याच्याशी या विषयावर एक अक्षरही बोललेलो नव्हतो. मी म्हणालो, "आमच्याकडे ते सगळं मॅडम बघतात." हे खोटं होतं. आम्ही दोघांनीही तो विषय कधी काढला नव्हता. दहा-बारा जणांचा जीव ज्याच्या हाती मी बिनधास्त देतो, त्या माणसाच्या साध्या प्रश्नाला मी असं उत्तर दिलं. तो लेख आज लिहितोय, त्याचं कारण ते उत्तर आहे.

जानेवारीच्या मध्यावर हवालदार परत आला. त्यानं स्वतःहून वेळ मागितली. म्हणाला, "साहेब, पोराला विचारलं, हे कुठनं आलं? त्यानं फोल्डर उघडून दाखवलं. तारखा बघितल्या तर सगळं माझ्याच वेळचं."

झालं होतं असं. यानं नवीन फोन घेतला तेव्हा जुना पोराला वर्गासाठी दिला. सिम काढलं, मेमरी कार्ड तसंच राहिलं. एका कोर्सवरच्या सोबत्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यावर जे काही पडायचं ते आपोआप डाउनलोड होऊन साठत गेलं होतं. यानं त्यातलं निम्मं कधी उघडलंही नसेल. पोरानं उघडलं.

"मग काय केलंस?"

"माफी मागितली साहेब पोराची."

"तो काय म्हणाला?"

हवालदाराचा आवाज बदलला. "आधी रडला. मग विचारलं, आप्पा, त्यातल्या एका बाईला मारत होते, ती रडत होती. ते खरं होतं का?"

"तू काय सांगितलंस?"

"मला कुठं माहिती साहेब, खरं का खोटं."

त्या रात्री मी माझा फोन तपासला. प्रबोधिनीतल्या सोबत्यांचा ग्रुप, एका जुन्या पोस्टिंगचा ग्रुप. कर्नल, ब्रिगेडियर, निवृत्त होऊन मोठ्या कंपन्यांत गेलेले मित्र. शुभ सकाळ, शहिदांना श्रद्धांजली, आणि त्यांच्या मध्ये "फक्त पुरुषांसाठी" म्हणून पुढे ढकललेल्या क्लिपा. मी त्या कधी पाठवल्या नव्हत्या, पण "असलं टाकू नका" असंही कधी लिहिलं नव्हतं. हाच फोन सुट्टीत घरी गेल्यावर दिवसभर सोफ्यावर पडलेला असतो आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला त्याचा पासवर्ड पाठ आहे.

रायफल कोतात जमा करण्याआधी चेंबर रिकामं आहे की नाही हे तपासतात. वीस वर्षं सर्व्हिस झालेल्या जवानाचंही तपासतात. आम्ही दोघांनी भरलेलं हत्यार घरात उघड्यावर ठेवलं होतं आणि पोरानं ट्रिगरला हात लावला म्हणून पट्टा काढला होता.

माझ्या पिढीचे वाचक म्हणतील, आमच्या वेळी काय कमी होतं? कमी नव्हतं. मी वसतिगृहात वाढलो. गादीखालून गादीखाली फिरणारी पिवळी पुस्तकं मीही पाहिली आहेत. पण ते पुस्तक मिळवायला खटपट लागायची, पकडलं जायची भीती असायची, आणि चाळीस मुलांत एक प्रत असायची. आता मुलानं काही शोधावं लागत नाही. क्रिकेटचा सामना फुकट दाखवणाऱ्या साइटवर जाहिरात म्हणून ते समोर येतं, गेमच्या चॅटमध्ये येतं, वर्गाच्या ग्रुपवर येतं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा कवडीमोल झाला, आणि चार वर्षांनी कोविडमध्ये आपण आपल्या हातानं मुलांना वर्गासाठी फोन दिले. तेव्हा दुसरा इलाजही नव्हता. पण फोनबरोबर एक वाक्य द्यायचं राहून गेलं.

सरकारनं काही केलं नाही असं नाही. २०१५ साली ८५७ साइट बंद करण्याचा आदेश निघाला, ओरड झाल्यावर तो सैल झाला. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दूरसंचार विभागानं ८२७ साइट बंद करायला सांगितल्या. त्याच मजकुराच्या नव्या पत्त्याच्या साइट उभ्या राहिल्या आणि व्हीपीएन म्हणजे काय हे आठवीतल्या मुलांना कळलं. घरातलं कुलूपही असंच. फॅमिली लिंक, सेफ सर्च, आयफोनवरचा स्क्रीन टाइम, हे सगळं जरूर लावा. लहान मुलाच्या फोनवर तर लावायलाच हवं. पण तारेचं कुंपण शत्रूला थांबवत नाही, उशीर करतं, आणि त्या उशिराचा उपयोग तेव्हाच, जेव्हा कुंपणावर कुणाची नजर असते. घरातल्या कुंपणावर नजर ठेवणारं तुमचं मूलच आहे. त्याला काही दिसलं तर ते तुम्हाला येऊन सांगेल का, हा खरा प्रश्न आहे. पट्टा खाल्लेलं मूल पुन्हा कधीही सांगायला येत नाही.

मग आपण बोलत का नाही? एक कारण शब्दांचं आहे. मराठीत या विषयाला दोनच भाषा आहेत. एक जीवशास्त्राच्या पुस्तकातली, जी शिक्षकसुद्धा घाईघाईनं वाचून पान उलटतात. दुसरी शिव्यांची. फौजेत तर दुसरीवर आमचं प्रभुत्व आहे, कित्येकांचं वाक्यच त्याशिवाय सुरू होत नाही. मधली, घरात जेवणाच्या टेबलावर चालेल अशी भाषा आपण तयारच केली नाही. माझा अनुभव असा की ती तोंडात बसायला चार-पाच वेळा बोलावं लागतं. पहिल्यांदा "लिंग" आणि "योनी" म्हणताना जीभ अडखळते. नंतर ते "कोपर" आणि "गुडघा" यांच्यासारखे शब्द होतात.

दुसरं कारण जुनं आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली मुंबईत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मृत्यूपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले त्यांच्यावर झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तो खटला कशावरून झाला होता? वाचकांनी विचारलेल्या लैंगिक शंकांना कर्व्यांनी उत्तरं दिली, यावरून. खटला ते हरले. लोकांना शंका होत्या, एका माणसानं सरळ उत्तर दिलं, आणि शिक्षा उत्तर देणाऱ्याला झाली. २००७ साली महाराष्ट्रात शाळांमधल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाला विरोध झाला आणि तो थांबवला गेला. मुलं बिघडतील, असं म्हणणं होतं. शाळा गप्प, घर गप्प. मुलांच्या शंका मात्र थांबल्या नाहीत, आणि त्यांना उत्तर द्यायला फोन तयार बसलेला होता.

या बाबतीत फौजेकडून शिकण्यासारखं थोडं आहे. आमच्याकडे रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर, आरएमओ, जवानांना गुप्तरोगांवर, एचआयव्हीवर लेक्चर देतो. चित्रं दाखवतो, निरोधाबद्दल बोलतो. मागच्या रांगेत कुणीतरी फिदीफिदी हसतं, सुभेदार साहेब मागे वळून बघतात, हसू थांबतं. ना उपदेश, ना संस्कृती बुडाल्याची हळहळ. आजार कसा होतो, कसा टाळायचा, झाला तर माझ्याकडे या, नाव बाहेर जाणार नाही. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्यामुळेच माणसं येतात.

येतात ती काय घेऊन? एक आरएमओ मला म्हणाला होता, "सर, अठरा-एकोणीस वर्षांची पोरं येतात आणि सांगतात, धातू जाते, ताकद संपली, आता पळवत नाही." १९६० साली डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी या भीतीला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. रेल्वेमार्गाच्या कडेच्या भिंती आजही गुप्तरोगवाल्या हकिमांच्या जाहिरातींनी रंगलेल्या असतात, त्या याच भीतीवर. झोपेत वीर्य जाणं किंवा हस्तमैथुन हा आजार नाही, त्यानं ताकद जात नाही, एवढं एक वाक्य बापानं तेराव्या वर्षी सांगितलं असतं तर त्या पोराची कित्येक वर्षांची भीती वाचली असती.

आता माझी गोष्ट. फेब्रुवारीत मी सुट्टीवर पुण्याला आलो. कुटुंब तेव्हा सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये होतं. पहिल्याच रविवारी मी मुलाला टेबलावर समोर बसवलं आणि वीस मिनिटं बोललो. पार्श्वभूमी, धोका, उपाययोजना. तो "हो बाबा, हो बाबा" म्हणत राहिला. तो उठून गेल्यावर बायको म्हणाली, "तू मुलाशी बोलला नाहीस, ओ-ग्रुप घेतलास." ओ-ग्रुप म्हणजे कारवाईआधी कमांडर आदेश देतो ती बैठक. फक्त तिथे शेवटी "काही शंका?" असं विचारतात. मी तेही विचारलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आईला भेटायला आम्ही दोघंच गाडीनं साताऱ्याला निघालो. गाडीत एक सोय असते, दोघांचीही नजर समोर असते. मी विचारलं, "तुमच्या वर्गातली मुलं फोनवर असलं काही बघतात का?" शिरवळ येईपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, "सगळेच बघतात बाबा."

"तू?"

"दोनदा."

"कसं वाटलं?"

"पहिल्यांदा घाण वाटलं. मग परत बघावंसं वाटलं. म्हणून जास्त घाण वाटलं."

तेरा वर्षं पूर्ण व्हायला अजून दोन महिने होते. इतक्या नेमक्या शब्दांत मलाही सांगता आलं नसतं. खंबाटकी घाट चढायला लागलो. पुढे एक ट्रक पहिल्या गिअरमध्ये रखडत होता. त्यानं विचारलं, "तुम्ही बघितलंय का बाबा?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. ट्रकला ओव्हरटेक करता येत नव्हतं आणि उत्तरालाही. मी म्हणालो, "हो. तुझ्याएवढा असताना पुस्तकं बघितली. मोठेपणी फोनवरही बघितलंय. ते बघून मी चांगला माणूस झालो असं मला वाटत नाही. पण मी तेव्हा मोठा होतो आणि काय खोटं आहे हे मला कळत होतं. तुला ते अजून कुणी सांगितलेलं नाही, ते माझं काम होतं. मी उशीर केला."

त्यानंतर मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, बघावंसं वाटणं यात तुझं काही बिघडलेलं नाही, या वयात शरीर असंच वागतं. दुसरी, तिथे जे दिसतं ते शिकण्यासारखं नाही. ते पैशासाठी केलेलं असतं, कॅमेऱ्यासाठी केलेलं असतं. त्यात कुणी कुणाला "तुला चालेल का?" विचारत नाही, कुणी नको म्हटलं तर थांबत नाही. खऱ्या आयुष्यात विचारावं लागतं आणि थांबावं लागतं. तिसरी, काहीही झालं, कुणी काही पाठवलं, तुझ्याकडून काही गेलं, तरी तू मला किंवा आईला सांग. मी रागावलो तरी राग माझा मी बघून घेईन, तुझ्या बाजूला उभा राहीन.

हवालदाराच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तरही मला तिथेच सापडलं, आणि मी ते नंतर त्याला फोनवर सांगितलं. "कधी कधी तो अभिनय असतो. कधी कधी खरंच कुणावर जबरदस्ती होत असते. बघणाऱ्याला फरक कळत नाही. तुला त्या बाईचं वाईट वाटलं, हे बरोबर वाटलं. ते वाटणं सोडू नकोस." बारा वर्षांच्या मुलाला ज्या गोष्टीनं झोप येईना, ती आम्ही मोठी माणसं खाली हसण्याचं चिन्ह टाकून पुढे पाठवत होतो.

गेल्या चार-पाच वर्षांत सुट्टीवर निघालेल्या जवानांशी मी यावर बोलत आलो आहे. त्यातून जे उपयोगी पडलं ते सांगतो.

चार-पाच वर्षांच्या मुलाला अवयवांची खरी नावं आणि नको असलेला स्पर्श एवढंच कळायला हवं. चाइल्डलाइनसाठी तयार केलेली 'कोमल' नावाची छोटी ॲनिमेशन फिल्म मुलांबरोबर बसून बघा, सुरुवात आपोआप होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला इतकंच सांगायचं, "फोनवर कधी कपडे न घातलेल्या माणसांचे फोटो किंवा व्हिडिओ आले तर स्क्रीन बंद कर आणि आम्हाला सांग. तुझी चूक नसणार." अकरा-बाराव्या वर्षी शरीरात होणारे बदल आणि वर लिहिलेल्या तीन गोष्टी. पंधराव्या वर्षापुढे प्रेम, संमती, फोटो मागणं आणि कायदा. हे सगळं एका बैठकीत उरकायचं नाही. दोन मिनिटांची दहा बोलणी चालतात, वीस मिनिटांचं एक चालत नाही. हे मी स्वतः करून पाहिलं आहे.

मुलींशीही बोलायचं. "मुलींना कशाला" असं म्हणणारे बाप मला बरेच भेटतात. मुलींकडे फोटो मागितले जातात, नाही दिले तर मैत्री तोडण्याची भाषा होते, दिले तर धमकीची. आता तर साध्या फोटोवरून नग्न चित्र बनवणारी ॲप आली आहेत, म्हणजे मुलीनं काहीच पाठवलेलं नसतानाही ती अडकू शकते. तिला पहिला फोन बापाला करावासा वाटला पाहिजे. माझी मुलगी आज मोठी झाली आहे. तिच्याशी बोलणं मला मुलापेक्षा अवघड गेलं, पुष्कळसं तिच्या आईनं केलं. पण "हे फक्त आईचं खातं" असं तिला वाटू नये म्हणून मी त्या खोलीत बसून राहिलो.

कायदा मुलांना सांगा, घाबरवण्यासाठी नको, माहितीसाठी. अठरा वर्षांखालच्या कुणाचंही लैंगिक चित्र किंवा व्हिडिओ पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. वर्गातल्या मुलीचा फोटो "गंमत म्हणून" ग्रुपवर टाकणारा पंधरा वर्षांचा मुलगा बाल न्याय मंडळासमोर उभा राहू शकतो. २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं असा मजकूर पाहणं आणि जवळ ठेवणं यावरचा कायदा आणखी स्पष्ट केला, आणि त्याला 'चाइल्ड पोर्नोग्राफी' म्हणू नये, तो मुलांच्या शोषणाचा पुरावा आहे, असं सांगितलं. त्याच निकालात लैंगिक शिक्षणाची गरजही मांडली आहे. निवृत्त मंडळींनी हे दोनदा वाचावं, कारण ग्रुपवर आलेली क्लिप न बघताच पुढे ढकलताना त्यात कोण आहे आणि तिचं वय काय, हे कुणालाच माहीत नसतं.

आणि अडचण आलीच तर? धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. त्याच्याशी झालेली चॅट आणि नंबर पुसू नका, तो पुरावा आहे. सायबर गुन्ह्यात पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, मुलांच्या आणि स्त्रियांच्या बाबतीत नाव न देताही. मुलांची हेल्पलाइन १०९८. अठरा वर्षांखालच्या मुलाचा फोटो पसरण्याची भीती असेल तर 'टेक इट डाउन' ही फुकट सेवा आहे. तिथे फोटो द्यावा लागत नाही, फोनवरच त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो हटवतात. हे सगळं लिहून फ्रिजवर लावा, पण त्याआधी मुलाला एक ग्लास पाणी द्या आणि "बरं झालं सांगितलंस" म्हणा.

बाप घरापासून लांब असतो, हा आपला कायमचा बहाणा. वर्षाची साठ दिवसांची सुट्टी आणि वर थोडी कॅज्युअल, एवढ्यात बापपण उरकायचं असतं, हे खरं. पण व्हिडिओ कॉलवर आपण काय विचारतो? "अभ्यास झाला का? मार्क किती?" त्यातला एक कॉल "तुझ्या मित्रांमध्ये सध्या काय चाललंय?" यावर घालवता येतो. आणि जे निवृत्त होऊन आता घरी आहेत, नातवंडं ज्यांच्या मांडीवर बसून फोन बघतात, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. आज रात्री व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधलं आपोआप डाउनलोड बंद करा. गॅलरी एकदा साफ करा. आणि ग्रुपवर तसलं काही आलं तर "इथे टाकू नका, नात फोन बघते" एवढं लिहा. मी आमच्या ग्रुपवर लिहिलं. दोघांनी चेष्टा केली, एक जण ग्रुप सोडून गेला, आणि सहा जणांनी खाजगीत कळवलं की त्यांच्या मनात तेच होतं.

हवालदार आता नायब सुभेदार आहे. त्याच्याच परवानगीनं हे लिहिलंय, ओळख पटेल असे तपशील बदलून. मुलगा गावाकडेच शिकतोय. मध्यंतरी त्याच्या एका मित्राला कुणीतरी व्हिडिओ कॉलवरून फसवलं आणि पैसे मागू लागलं. त्या पोरानं आपल्या घरी सांगितलं नाही. तो यांच्या घरी आला आणि म्हणाला, "तुझ्या आप्पांना फोन लाव."

हा लेख टाकण्याआधी मी माझ्या मुलाला वाचायला दिला. त्यानं दोन परिच्छेद खोडले आणि म्हणाला, "एवढं सांगायची गरज नाही बाबा." ते दोन्ही परिच्छेद काढून टाकले आहेत.

जय हिंद.